एकाच नावाची गाणी

पठारावरच्या ओरुरो शहरात कुणाच्या घरी लग्न निघालं, कुणी गेलं किंवा गावच्या संताचा उत्सव जवळ आला, आणि बोलता बोलता एखाद्या मोडून गेलेल्या बँडची आठवण निघाली, की म्हातारी माणसं म्हणायची, "सेव्हेरो मास्तरकडे जा. असलं तर त्याच्याकडेच असेल." आणि बहुतेक वेळा ते असायचंच.

मास्तर म्हणजे तिकीटमास्तर. सेव्हेरो कोल्के ओरुरोच्या स्टेशनात खिडकीमागं बसून तिकिटं द्यायचा. त्या खिडकीसमोरून बँडवाले जायचे. कुणाच्या खांद्यावर ढोल, कुणाच्या काखेत चादरीत गुंडाळलेला ट्यूबा, तोंडात कोकाचा पाला. त्या काळी पठारावरच्या प्रत्येक खेड्याला आपला संत होता आणि प्रत्येक संताला बँड लागे. चिलीच्या हद्दीवरून चोरवाटेनं आलेला एक कॅसेट रेकॉर्डर सेव्हेरोनं विकत घेतला, आणि सुट्टी मिळाली की तो त्यांच्याच गाडीत बसून त्यांच्यामागं जाऊ लागला. उत्सवात लोक नाचायचे, प्यायचे, मारामाऱ्या करायचे. हा आपला रेकॉर्डर अंगावर पांघरलेल्या पोंचोखाली धरून, मायक्रोफोनला लोकरीचा मोजा चढवून, वाऱ्याच्या आडोशाला उभा. त्याची बायको देल्फिना म्हणायची, "दुसऱ्यांचे नवरे जत्रेतून बायका घेऊन येतात. माझा बरा, नुसता खोकला घेऊन येतो."

तिला एकच गोष्ट कळत नसे. हे सगळे बँड वाजवतात तेच तेच. मोरेनादाच्या त्याच जड, पाय ओढत नाचायच्या चाली. त्यातली 'मीठवाट' नावाची चाल तर प्रत्येक उत्सवात शेवटी वाजायचीच. मग एकदा भरून आणली की झालं. पुन्हा पुन्हा कशाला?

"तुझ्या आईला पाच पोरी झाल्या," सेव्हेरो म्हणाला, "पाचींच्या नावाआधी तिनं मारिया लावलं. म्हणून मी त्यातली कुठलीही उचलून आणली असती तर चाललं असतं?"

"तुला चाललं असतं," देल्फिना म्हणाली. "तू चेहऱ्याकडे बघतोस कुठं?"

पण तिला मुद्दा कळला. पुढं तिनं विचारलं नाही.

'सेन्तेया' नावाच्या बँडमध्ये आन्सेल्मो पोमा कर्णा वाजवायचा. तो सेव्हेरोचा जिवाभावाचा मित्र. सेव्हेरोच्या मुलीला, रोक्सानाला, बाप्तिस्म्याच्या दिवशी त्यानंच हातावर घेतलं होतं, त्यामुळं दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत आणि आन्सेल्मोची बायको हिलारिया सेव्हेरोची कोमाद्रे झाली. ते नातं रक्ताच्या नात्याहून घट्ट. एका वर्षी तोलापाम्पाच्या उत्सवात अशी थंडी पडली की कर्ण्यातली लाळ गोठत होती. शेवटची 'मीठवाट' वाजवताना आन्सेल्मोचे ओठ बधिर झाले, सूर मधेच फाटला, आणि त्या माणसाला कर्णा तोंडात असतानाच हसू फुटलं. ते हसू कर्ण्यातून बाहेर पडलं, एखादं करडू ओरडावं तसं. बँड एक ठोका अडखळला, मग सगळे हसत हसत पुन्हा चालीवर आले. पोंचोखाली रेकॉर्डर चालू होता.

त्यानंतर थोड्याच दिवसांत पोतोसीच्या रस्त्यावर सेन्तेयाची बस वळणावरून खाली गेली. वाचले ते फार थोडे. आन्सेल्मो वाचला नाही.

आमच्याकडे मृतांच्या सणाला भरल्या दुपारी आत्मे घरी येतात आणि दुसऱ्या दुपारी परत जातात. त्यांच्यासाठी काळं कापड घालून मेज मांडायचं, पावाच्या बाहुल्या आणि पावाची शिडी ठेवायची, गेलेल्याला आवडायचं ते शिजवायचं. लोक तीन वर्षं मेज मांडतात, मग हात आखडता घेतात. हिलारियानं थांबवलं नाही. दर वर्षी सेव्हेरो आपला रेकॉर्डर घेऊन तिच्याकडे जायचा आणि मेजाशेजारी ती 'मीठवाट' लावायचा. फाटलेला सूर आला, ते हसू आलं, की हिलारिया मान हलवून म्हणायची, "बघा, आलाच. दारातूनच दात काढत येतो मेला." मग सगळे जेवायला बसायचे.

रेल्वे बंद पडली तेव्हा सेव्हेरोला तुटपुंज्या पेन्शनवर घरी बसवलं. पुढं रोक्सानाच्या शिक्षणासाठी घरात कॉम्प्युटर आला, आणि त्याला कुणीतरी सांगितलं की कॅसेट झिजतात, कॉम्प्युटर झिजत नाही. त्यानं एकेक कॅसेट लावून, ती पूर्ण वाजेपर्यंत शेजारी बसून, सगळं आत भरायला घेतलं. कित्येक वर्षं लागली. देल्फिना आजारी पडली तेव्हा तिच्या खोलीत टेबल नेऊन तिथंच भरत बसायचा, ती उशीवरून म्हणायची, "हा चाल्लापाताचा बँड. ह्यांचा ढोलवाला नेहमी घाईत." बहुधा बरोबर असायचं. ती गेली त्या वर्षी काम संपत आलं होतं. आत भरून झालेल्या कॅसेटची खोकी त्यानं भाडेकरूला खोली द्यायची म्हणून बाहेर काढली, आणि रस्त्यावर कॅसेट विकणाऱ्या एका बाईनं ती आनंदानं नेली. तिनं त्या कॅसेटांवर भजनं भरली. त्यानंतर मृतांच्या सणाला सेव्हेरो रेकॉर्डरऐवजी कॉम्प्युटरची पेटीच हातगाडीवर घालून हिलारियाकडे नेऊ लागला.

कॉम्प्युटरवर गाणी वाजवायचा जो प्रोग्राम होता, त्यात प्रत्येक गाण्यापुढं लिहायला जागा होती. नावाच्या जागी तो चालीचं नाव घाली, कारण नाव तेच होतं, आणि खाली शेऱ्याच्या चौकटीत बाकीचं. कुठलं गाव, कुठला संत, कोण वाजवत होतं, वारा कसा होता. 'ढोलवाल्याच्या पोराला त्या दिवशी पहिला दात आला' असलंही लिहायचा. त्याला वाटायचं की हे सगळं गाण्यातच जाऊन बसतं, कॅसेटच्या कव्हरावर लिहिल्यासारखं. तसं नव्हतं. ते प्रोग्रामच्या पोटात होतं.

हे त्याला कळलं ते पहिल्यांदा कपाळावर आदळलं तेव्हा. तो प्रोग्राम बनवणाऱ्यांनी तो बंद केला. दुसरा घ्यावा लागला, आणि दुसऱ्यानं गाणी दाखवली, नावं दाखवली, शेरे मात्र कोरे. सेव्हेरो चार दिवस जेवला नाही. मग उठला, आणि पहिल्या गाण्यापासून ऐकत, आठवत, पुन्हा लिहायला बसला. त्यात दोन हिवाळे गेले. काही गावं आठवली नाहीत, तिथं त्यानं प्रश्नचिन्ह घातलं. नव्या शेऱ्यांचं तरी काय, तेही कुठं जाऊन बसतात ह्याची खात्री कुणाला नव्हती. दुकानातल्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, "मास्तर, तुम्ही फार विचार करता. आहेत ना दिसत?"

दिसत होते, तोवर दिसत होते.

रोक्साना तोवर कोचाबाम्बाच्या एका इस्पितळात नर्स झाली होती. सुट्टीला आली की बापाचा कॉम्प्युटर चालू व्हायची वाट बघत ती केस विंचरून, वेणी घालून मोकळी व्हायची. एका वर्षी तिनं पैसे साठवून त्याला नवा कोरा कॉम्प्युटर आणला. जुना दुकानदारानं बदल्यात घेतला. त्यातली सगळी गाणी त्यानं एका छोट्या डिस्कवर काढून दिली.

"सगळं आलं ना?" सेव्हेरोनं तीनदा विचारलं.

"सगळं, मास्तर. एक फाइल मागं ठेवली असेल तर माझं नाव बदला."

गाणी खरंच सगळी आली होती. शेरे आले नाहीत, पण हे तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. रोक्साना दुपारच्या बसनं परत गेली. सेव्हेरोनं डिस्क जोडली आणि नवा प्रोग्राम उघडला. पांढराशुभ्र, मोठ्या अक्षरांचा. त्यानं विचारलं, तुमचा संग्रह नीट लावून देऊ का? सेव्हेरोला बरं वाटलं. इतक्या वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं. त्यानं 'हो' दाबलं. मग प्रोग्रामनं आणखी काहीतरी विचारलं, लांबलचक, त्यात जागा वाचवण्याबद्दल होतं. सेव्हेरोनं पुन्हा 'हो' दाबलं आणि सूप गरम करायला गेला.

सूप पिऊन आला तेव्हा पडद्यावर लिहिलं होतं की काम झालं, तुमचा संग्रह आता स्वच्छ आहे.

त्यानं यादी खाली ओढली. ती फार लवकर संपली. पुन्हा वर नेली, पुन्हा खाली ओढली. 'मीठवाट' शोधली. एकच 'मीठवाट' होती. ती वाजवली. ला पास शहरातल्या कुठल्याशा स्टुडिओत भरलेली, गुळगुळीत, खोकला नाही, वारा नाही. कुणीतरी कधीतरी पेनड्राइव्हवर दिलेली, त्यानं ठेवून दिलेली. तिचा आवाज सगळ्यांत स्वच्छ होता, म्हणून प्रोग्रामनं ती ठेवली. बाकीच्या सगळ्या त्याच नावाच्या, म्हणजे त्याच. म्हणून काढून टाकल्या. दुसऱ्या चालींचंही तसंच. एका नावाचं एकच उरलं होतं.

सेव्हेरोनं डिस्क काढली, पुन्हा जोडली, जणू ती उलटी लागली असावी.

बाजारामागं एद्सोन नावाचा एक शांत माणूस बिघडलेल्या कॉम्प्युटरमधून हरवलेल्या फाइली काढून द्यायचा. सेव्हेरोनं त्याच्यापुढं डिस्क ठेवली. एद्सोननं दोन दिवस ठेवून घेतली. सेव्हेरो परत गेल्यावर एद्सोननं आधी त्याला बसायला स्टूल दिलं, आणि सेव्हेरोला तिथंच कळलं.

"पुसल्यावर हात लावला नसता तर निघालं असतं," एद्सोन म्हणाला. "पण प्रोग्रामनं उरलेली गाणी उचलून पुन्हा नीट मांडली. त्या मोकळ्या जागेवरच मांडली. घर पाडून त्याच जागी दुसरं बांधल्यासारखं. खालच्या विटा थोड्या निघाल्या."

"थोड्या म्हणजे?"

"तुकडे. कुठं पाव मिनिट, कुठं त्याहून कमी. नावं नाहीत, नुसते आकडे. आणि काही तुकड्यांत दोन गाणी एकमेकांत शिरलीयत."

"जुना कॉम्प्युटर?"

"मी दुकानात विचारून आलो. त्यांनी तो कधीच साफ करून विकला." एद्सोननं डिस्क त्याच्यापुढं सरकवली. "मास्तर, ह्याची दुसरी प्रत कुठं ठेवली नव्हती?"

"कॅसेटवर होती," सेव्हेरो म्हणाला.

त्या रविवारी रोक्सानाचा फोन आला. "पापा, कसा आहे नवा? पळतो ना?"

"पळतो. फार पळतो."

"मी म्हटलं नव्हतं? उगाच त्या खटाऱ्याला कवटाळून बसला होतात. आणि गाणी? मिळाली सगळी?"

"सगळी, पोरी. एकदम स्वच्छ."

ती खूश झाली. तिनं किती महिने रात्रपाळ्या जास्त केल्या होत्या हे त्याला ठाऊक होतं. त्या दिवसापासून दर रविवारी त्याला तेच खोटं नव्या कपड्यात घालून पाठवावं लागे.

मृतांचा सण जवळ येत होता. सेव्हेरो तुकडे ऐकायला बसला. एद्सोननं दिलेले शेकडो तुकडे. अर्धा ठोका आणि संपलं. एक कुत्रं, एक झांज, कुणाचं तरी "आणखी एक!" आणि संपलं. तो कानामागं हात धरून ऐकायचा, चेहरा कॉम्प्युटरजवळ नेऊन. मग ताडून बघायला ती उरलेली स्वच्छ 'मीठवाट' लावायचा, म्हणजे हा तुकडा चालीत कुठं बसतो ते कळावं. मग पुन्हा तुकडा. मग पुन्हा स्वच्छ. असे आठवडेच्या आठवडे गेले. भाडेकरीण दारातून म्हणाली, "मास्तर, तेच गाणं किती लावता? आता माझी कोंबडीसुद्धा त्यावर नाचेल." तो हसला नाही. ते फाटलेलं हसू कुठल्याच तुकड्यात नव्हतं. दोनदा त्याला वाटलं की सापडलं. एकदा ते खरंच एक करडू होतं.

सणाच्या दिवशी तो हिलारियाकडे रिकाम्या हातांनी गेला. जाताना रस्त्यात दोनदा थांबला. न जाणंही शक्य होतं, आजारी आहे म्हणून निरोप पाठवता आला असता. स्वच्छ 'मीठवाट' नेऊन लावणंही शक्य होतं. हिलारियाचे कान आता पूर्वीचे राहिले नव्हते. हे त्याच्या मनात आलं, आणि आल्याचीच त्याला इतकी शरम वाटली की तो उरलेला रस्ता भराभर चालला.

हिलारियानं मेज मांडलं होतं. काळं कापड, आन्सेल्मोचा फोटो, पावाच्या बाहुल्या, पानांसकट कांदे, आणि मधोमध ताटात सुक्या मटणाचं चार्केकान, वरून उकडलेलं अंडं. कर्णा घासूनपुसून फोटोशेजारी.

"या कोंपाद्रे, उशीर केलात. तो यायची वेळ झाली. तुमची पेटी कुठाय?"

"कोमाद्रे, बसा जरा."

"मी कशाला बसू? स्वयंपाक कोण करेल, तो?" तिनं फोटोकडे बोट केलं. मग सेव्हेरोचा चेहरा बघितला आणि बसली.

त्यानं सांगितलं. जमेल तसं सांगितलं. नवा कॉम्प्युटर, एकाच नावाची गाणी, त्यानं दाबलेलं 'हो'. हिलारिया नीट ऐकत होती.

"बरं, मग दुसरीकडून काढा," ती म्हणाली.

"दुसरीकडे नाही, कोमाद्रे."

"असं कसं? हल्ली सगळं फोनवर असतं. माझा नातू काय वाट्टेल ते काढतो."

"ते गाणं आहे फोनवर. आन्सेल्मो नाही."

बाहेर शेजारच्या घरी लोक जमू लागले होते, प्रार्थना सुरू झाली होती. तिनं मेजावरचा पाव उगाच सरळ केला.

"म्हणजे त्यांनी तो पुसला," ती म्हणाली.

"मी पुसला."

"मुद्दाम केलंत का?"

"नाही."

"मग झालं." ती उठली, कमरेच्या फडक्याला हात पुसले आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. "तुम्ही ते माझ्याहून जास्त वेळा ऐकलंयत. मी वर्षातून एकदा ऐकत होते. तुम्ही शिट्टीवर वाजवून दाखवा. तो येईल तेव्हा काहीतरी ऐकू येऊ दे. त्याला कळेल, घर हेच."

सेव्हेरोला शिट्टी चांगली यायची. त्यानं ओठ ओले केले आणि सुरुवात केली. पहिली ओळ आली, दुसरी आली. तो फाटायच्या जागेशी पोहोचला आणि त्याचा सूर फाटला नाही. सरळ वर गेला, गुळगुळीत, ला पासच्या स्टुडिओतल्या माणसासारखा. तो थांबला. पुन्हा सुरुवातीपासून घेतलं. पुन्हा तिथंच आला, पुन्हा तसाच वर गेला. त्यानं डोळे मिटले, तोलापाम्पाचं मैदान आठवलं, वारा आठवला, आन्सेल्मोचे लाल झालेले कान आठवले. हसू कसं निघालं होतं ते मात्र येईना. किती वेळ हसला? आधी फाटला की आधी हसला? इतके आठवडे त्यानं ती एकच चाल कानात ओतली होती. तिनं आतलीही जागा घेतली होती.

तिसऱ्यांदा त्याला शिट्टी वाजवता आली नाही.

"असू दे," हिलारिया म्हणाली. तिनं शांतपणे फोटोला पाठ केली आणि चुलीकडे गेली. तिकडून म्हणाली, "जेवून जा. गार होतंय." दोघं जेवले. त्या वर्षी 'बघा, आलाच' असं कुणी म्हणालं नाही. दुपार झाली आणि निघून गेली.

रोक्सानाला ते हिलारियाकडूनच कळलं, नाताळात. ती चवताळून घरी आली. "मला का सांगितलं नाही? दर रविवारी माझ्याशी खोटं बोललात! मी हॉस्पिटलात सगळ्यांना सांगत फिरले, माझ्या बापाला किती आनंद झालाय म्हणून."

"तू पैसे साठवून आणला होतास, पोरी."

"आग लागो त्याला!" आणि ती रडायलाच लागली. बऱ्याच वेळानं खुर्ची ओढून ती कॉम्प्युटरसमोर बसली. "दाखवा तुकडे. मी लिहून घेते. तुम्ही नुसतं सांगा कुठला कुणाचा."

तिनं पहिला लावला. सेव्हेरोनं ऐकला.

"कोण?"

"माहीत नाही."

दुसरा. "माहीत नाही." तिसऱ्याला त्याचे ओठ हलले, एक नाव तोंडावर आलं आणि गेलं. रोक्सानानं आणखी बरेच लावले. शेवटी तिनं आवाज बंद केला.

"काहीच उरलं नाही का, पापा?"

"उरलंय की," सेव्हेरो म्हणाला. "कोण वाजवत होतं तेवढं गेलं."

जाताना ती त्याला कोचाबाम्बाला चला म्हणाली. तिथली हवा मऊ आहे, खोकला जाईल. तो म्हणाला, बघू. तो गेला नाही. उन्हाळ्यानंतर हिलारियाला तिच्या मुलानं अर्जेंटिनाला नेलं. निघायच्या आदल्या दिवशी ती निरोप घ्यायला आली, दोघांनी भाडेकरणीच्या हातचा चहा घेतला, गुडघेदुखीबद्दल बोलली, आन्सेल्मोचं नाव दोघांनीही काढलं नाही. कर्णा ती सोबत नेणार की नाही हे विचारायचं सेव्हेरोच्या मनात होतं. ते तसंच राहिलं.

लोक अजून येतात अधूनमधून. दार वाजवतात, कुठल्या तरी बापाचं, आज्याचं नाव घेतात, बँडचं नाव घेतात. सेव्हेरो दार अर्धंच उघडतो आणि म्हणतो, "माझ्याकडे तसलं काही नव्हतं कधी. तुम्हाला कुणीतरी चुकीचं सांगितलं."